पंधरा दिवसांचे परदेश : एका अभ्यासदौऱ्याच्या आखणीविषयी

‘आंतरराष्ट्रीयीकरण’ हा शब्द गेल्या काही वर्षांत आपल्या विद्यापीठांच्या परिपत्रकांतून वरचेवर भेटू लागला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्यास अधिकृत स्थान दिले आणि विज्ञान, अभियांत्रिकी, व्यवस्थापन या शाखांतून परदेशी संस्थांशी करारमदारांची बोलणी सुरू झाली. मराठी विभागाकडे या संदर्भात कोणी पाहत नाही. मराठी विभागही बहुधा स्वतःकडे तसे पाहत नाही. ‘मराठीचे विद्यार्थी परदेशात जाऊन काय शिकणार?’ असा प्रश्न एका बैठकीत मला विचारण्यात आला तेव्हा त्यात उपरोध होता हे खरे, परंतु प्रश्न म्हणून तो रास्तच आहे. एम. ए. च्या विद्यार्थ्यांना अध्यापकांनी स्वतः बरोबर नेऊन करावयाच्या दोन आठवड्यांच्या अभ्यासदौऱ्याची आखणी आमच्या विभागातील आम्ही तिघे गेली दोन वर्षे करीत आहोत. दौरा अद्याप निघालेला नाही. तथापि आखणी करता करताच मराठीच्या अध्यापनाविषयी काही प्रश्न असे उपस्थित झाले, की ते या पत्रिकेच्या वाचकांसमोर मांडावेत असे वाटले.

अध्यापकाने विद्यार्थ्यांचा गट घेऊन परदेशी जाण्याची प्रथा अमेरिकेत शंभर वर्षांची आहे. १९२३ साली डेलावेअर विद्यापीठातील फ्रेंचचे अध्यापक रेमंड कर्कब्राइड आठ विद्यार्थ्यांना घेऊन फ्रान्सला गेले. पहिल्या महायुद्धात ते स्वतः लढले होते आणि राष्ट्राराष्ट्रांतील समज वाढावी हा त्यामागचा हेतू होता. ते विद्यार्थी वर्षभर राहिले. पुढे काळ आखडत गेला. आज अमेरिकेतून बाहेर जाणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण उन्हाळी सत्रापुरते किंवा आठ आठवड्यांहून कमी काळासाठी जातात. कारणे समजण्यासारखी आहेत : पैसा, नोकरी, घरच्या जबाबदाऱ्या. वर्षभर ज्याला जाता येत नाही त्यालाही जाता यावे, हा अल्पकालीन दौऱ्याचा मूळ लोकशाही आशय. परंतु वर्षभर राहणारा विद्यार्थी चुकतमाकत तेथील माणसांत मिसळतो. पंधरा दिवस जाणाऱ्याला ती सवलत नसते. त्याचे शिकणे आधी योजावे लागते, आणि योजले नाही तर दौऱ्याची सहल होते. सहलीविषयी माझी तक्रार नाही; फक्त तिला श्रेयांक देऊ नयेत.

स्थळ ठरविताना तीन नावे पुढे आली. लंडन येथील ब्रिटिश लायब्ररीत मराठी हस्तलिखिते आहेत. ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहातील मराठी हस्तलिखितांची ब्लुमहार्ट यांनी केलेली सूची १९०५ साली छापली गेली. पण वाचनकक्ष हे एकट्या अभ्यासकाचे स्थान आहे. पंधरा विद्यार्थ्यांचा जथा घेऊन तेथे दोन आठवडे काय करावयाचे? शिवाय ऑक्टोबर २०२३ मधील सायबर-हल्ल्याने त्या ग्रंथालयाच्या सेवा दीर्घकाळ विस्कळीत झाल्या होत्या. दुसरे नाव इस्रायलचे. कोकणातून तेथे गेलेल्या बेने इस्रायल समाजाची मराठी हा विषय मोठा मोहात पाडणारा आहे. मात्र त्याच ऑक्टोबरमध्ये सुरू झालेल्या युद्धानंतर तेथे विद्यार्थी नेण्याचा विचार आम्ही सोडून दिला. राहिले मॉरिशस.

मॉरिशसची निवड दुय्यम म्हणून झाली असली तरी जसजसे वाचत गेलो तसतसे ध्यानात आले, की मराठीच्या विद्यार्थ्याला विचार करावयास लावणारे इतके काही अन्यत्र क्वचितच एका जागी सापडेल. रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथा हिस्साही नसलेले हे बेट. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ या जहाजातून कलकत्त्याहून ३६ करारबद्ध मजूर तेथे उतरले, आणि १९२० च्या सुमारापर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे या पद्धतीने आणली गेली. बहुतेक कलकत्ता व मद्रास बंदरांतून, थोडी मुंबईहून. या थोड्यांत कोकणातली आणि घाटावरली मराठी बोलणारी माणसे होती. पोर्ट लुई बंदरातील ज्या पायऱ्यांवरून मजूर वर चढत त्या जागेला आज ‘आप्रवासी घाट’ म्हणतात. २००६ मध्ये तिचा समावेश जागतिक वारसास्थळांत झाला. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकविली जाते आणि तेथेच भारतीय आप्रवासींच्या नोंदवह्या जतन केलेल्या आहेत. गणेशचतुर्थीस देशभर सार्वजनिक सुटी असते.

या ठिकाणी धोका सुरू होतो. वरील परिच्छेद मी आमच्या वर्गात वाचून दाखविला तेव्हा विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला तो मला ओळखीचा होता. ‘साता समुद्रापलीकडे मराठी टिकली’ हा तो भाव. एवढे एक वाक्य घेऊन गेलेला विद्यार्थी पंधरा दिवसांत त्याची शंभर प्रमाणे गोळा करून परत येईल, आणि जाताना त्याला जे ठाऊक होते त्याहून अधिक काहीही त्याला कळलेले नसेल. आरती ऐकून त्याचे डोळे भरतील. आरती म्हणणारी मुलगी घरी आईशी कोणत्या भाषेत भांडते हे त्याला ऐकूही येणार नाही.

ती भांडते क्रिओलमध्ये. २०११ च्या जनगणनेनुसार मॉरिशसमध्ये घरी क्रिओल बोलणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ऐंशीहून अधिक होते. त्या जनगणनेची प्रश्नावली मोठी उद्बोधक आहे : पूर्वजांची भाषा कोणती हा प्रश्न वेगळा आणि घरात नेहमी बोलली जाणारी भाषा कोणती हा वेगळा. आपल्याकडे ‘मातृभाषा’ या एका शब्दात आपण दोन्ही गोष्टी बांधून टाकतो. मराठी ही आपल्या पूर्वजांची भाषा आहे असे सांगणारा माणूस ती बोलत असेलच असे नाही. तरीही तो ती सांगतो, मुलाला शाळेत ती शिकवितो, तीत पूजा सांगतो. हे भाषेचे कोणते अस्तित्व म्हणावयाचे? आमच्या भाषाविज्ञानाच्या अभ्यासपत्रिकेत भाषामृत्यू आणि भाषासंवर्धन असे दोन धडे आहेत. मॉरिशसची मराठी दोहोंपैकी कोणत्याही धड्यात पुरती बसत नाही.

आणखी एक वस्तुस्थिती विद्यार्थ्यांना आधी कळणे मला अत्यावश्यक वाटते. तेथील प्राथमिक शाळेत मराठी हा ऐच्छिक विषय आहे. २०१२ पासून क्रिओलही तशाच ऐच्छिक विषयांत आली. म्हणजे मराठी वंशाच्या एखाद्या कुटुंबाने मुलासाठी क्रिओल निवडली, की मराठीच्या वर्गातील एक बाक रिकामा होतो; आणि बाके फार रिकामी झाली तर शिक्षकाचे पद धोक्यात येते. अशा वर्गात भारतातून पंधरा पाहुणे येणार, मुले कविता म्हणणार, आणि त्यांतील एखादा पाहुणा ‘ळ’ आणि ‘ल’ यांविषयी हसत काही बोलणार. त्या शिक्षिकेचे त्या क्षणी काय होईल, याचा विचार इथे बसून करावयास हवा. आमच्या पूर्वतयारीत मी एक नियम घातला आहे : तेथे कोणाचेही मराठी सुधारावयाचे नाही, आणि कोणाचीही ‘किती शुद्ध बोलता’ अशी वाखाणणीही करावयाची नाही. दुसरा भाग विद्यार्थ्यांना पहिल्याहून कठीण जातो.

केव्हा जावे, यावरून विभागात खरा वाद झाला. माझ्या एका सहकाऱ्यांचा आग्रह गणेशोत्सवाचा. त्यांचा विषय लोकसाहित्य. तेथे ‘झाकरी’ या नावाने ओळखला जाणारा नृत्यगीतांचा प्रकार आणि आपल्या कोकणातील जाखडी यांचा तौलनिक अभ्यास त्यांच्या मनात आहे, आणि तो उत्सवाच्या दिवसांतच होऊ शकतो हे त्यांचे म्हणणे बिनतोड आहे. माझा कल मे महिन्याकडे. उत्सवात यजमान कामात असतात. आपण पाहतो पुष्कळ, पण निवांत बसून बोलावयास कोणी रिकामे नसते. शिवाय ऑगस्ट-सप्टेंबरात आमचे सत्र ऐन भरात असते. दिवाळीच्या सुटीनंतरचा काळ तर वर्ज्यच, कारण नोव्हेंबर ते एप्रिल हा तेथील चक्रीवादळांचा हंगाम. जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ वादळाच्या पावसाने पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्याची दृश्ये सर्वांनी पाहिली आहेत. मे मध्ये तेथे हिवाळा लागत असतो, शाळा चालू असतात, आमची मुले परीक्षा देऊन मोकळी असतात. शेवटी मे ठरला. सहकारी नाराज आहेत, आणि त्यांची नाराजी मला पूर्णपणे खोडून काढता येत नाही. एक चांगला विषय या निर्णयाने हुकला आहे.

चार श्रेयांकांचा हा अभ्यासक्रम, म्हणजे एकशेवीस तास. त्यांतील साठ तास जाण्यापूर्वी, चाळीस तेथे आणि वीस परतल्यावर अशी विभागणी केली तेव्हा अभ्यासमंडळाच्या एका सदस्यांनी विचारले, की निम्मा अभ्यासक्रम इथेच असेल तर जावयाचे कशाला? त्यांना मी पूर्वतयारीची यादी दाखविली. अभिमन्यु अनत यांची ‘लाल पसीना’ (१९७७) ही हिंदी कादंबरी. मॉरिशसच्या भारतीय खेड्यावरची मार्सेल काबों यांची ‘नमस्ते’ (१९६५), मूळ फ्रेंच. ह्यू टिंकर यांचा करारबद्ध मजुरीला गुलामीची नवी पद्धत ठरविणारा १९७४ चा इतिहासग्रंथ, आणि त्याच्या शेजारी खाल तोराबुली यांची ‘कुलीत्व’ ही संकल्पना. टिंकर मजुरांचे सोसणे मांडतात. तोराबुली ‘कुली’ या शिवीतून समुद्र ओलांडलेल्या माणसांची एक नवी, संमिश्र ओळख घडवू पाहतात. दलित साहित्य वाचलेल्या आमच्या विद्यार्थ्याला या दुसऱ्या खटाटोपाचे मर्म चटकन उमगते. हिणविणारा शब्दच उचलून तो आपल्या नावासारखा मिरविणे त्याला परके नाही. मराठीच्या वर्गातून निघालेला विद्यार्थी तेथे काही वेगळे पाहू शकेल, असे मला वाटते ते या पूर्वज्ञानामुळे. याशिवाय क्रिओलचे बारा तास. ‘की मान्येर?’ म्हणजे ‘कसे काय?’ इतके विचारता आले तरी समोरचा माणूस तुमच्याकडे निराळ्या नजरेने पाहतो.

तयारीचा मला सर्वांत जवळचा वाटणारा भाग नोंदवह्यांचा आहे. आप्रवासींच्या नोंदीत क्रमांक, नाव, पित्याचे नाव, वय, जात, उंची, अंगावरील खूण, जिल्हा, परगणा, गाव आणि जहाज असे रकाने असत. १८६० च्या दशकापासून पुढे छायाचित्रेही आहेत. कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे रोमन लिपीत लिहिलेले. मजुराचे व्यक्तिनाम तेथे पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले. आपल्याकडील गावांत आडनाव आणि वाडी यांवरून माणूस सापडतो. तेथे तो क्रमांकावरून सापडतो. दोन्ही टोकांना एकच माणूस असूनही त्याला शोधण्याच्या पद्धती जुळत नाहीत. पाठचिकित्सेच्या तासाला संतांच्या गाथांतील पाठभेद शिकविताना लेखनिकाच्या हस्तदोषांविषयी आपण जे सांगतो ते सारे इथे उपयोगी पडते, आणि विद्यार्थ्यांना प्रथमच कळते की पाठभेदाच्या मागे जिवंत माणसाचे गाव हरवू शकते. मूळ वह्या पाहण्यास परवानगी लागते आणि ती मिळेलच असे धरून चालता येत नाही. म्हणून प्रकाशित नमुन्यांवर आधारलेला सराव आम्ही इथेच ठेवला.

आता पैशाविषयी. विमानाचे तिकीट, निवास, जेवण, स्थानिक प्रवास, विमा मिळून दरडोई खर्च आमच्या अंदाजाने लाखाच्या वर जातो. मॉरिशसच्या अल्पकालीन भेटीसाठी भारतीयांना आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही, एवढीच सोय. आमच्या वर्गातील अठ्ठावीस विद्यार्थ्यांपैकी पासपोर्ट आहे तिघांकडे. पुष्कळांचे आईवडील शेती करतात किंवा मुंबईत लहानसहान नोकरी करतात. काही विद्यार्थी स्वतः रात्री काम करून दिवसा वर्गात बसतात. ‘ज्यांना परवडेल त्यांनी यावे’ हे सूत्र कार्यालयाच्या दृष्टीने सोपे होते आणि एका प्रशासकाने ते सुचविलेही. ते स्वीकारले असते तर करारबद्ध मजुरांचा अभ्यास करावयास वर्गातील सर्वांत सधन मुले गेली असती. आम्ही निवड आधी आणि पैसा नंतर असा क्रम ठरविला : बारा जणांची निवड निबंध आणि मुलाखतीवरून, आणि विद्यार्थ्याचा हिस्सा ठरावीक रकमेपलीकडे जाणार नाही. उरलेला निधी कोठून आणावयाचा हे काम अद्याप चालू आहे.

पण बारा जण गेले तरी सोळा राहतात. या सोळांसाठी आम्ही अभ्यासक्रमाची दुसरी बाजू बांधली. मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. मुंबई सरकारचे जुने दप्तर तेथे आहे. कोकणातील गावे आहेत, तेथील देवळे, वृद्ध माणसे, जाखडीचे संच आहेत. मॉरिशसला जाणाऱ्यांनी तेथून विचारावे आणि राहणाऱ्यांनी इथून शोधावे. तेथे दीड तास मागे असल्याने रोज संध्याकाळी दोन्ही गटांना बोलणे सोयीचे. श्रेयांक दोघांना सारखेच, आणि अंतिम प्रबंधिका जोडीने लिहावयाची : एक जाणारा, एक राहणारा, चार जोड्यांत राहणारे दोघे. कागदावर ही रचना मला फार समाधानकारक वाटत होती. वर्गात ती समजावून सांगितल्यावर गुहागर तालुक्यातला एक विद्यार्थी उठून म्हणाला, “सर, म्हणजे पासपोर्टवाले आणि एस.टी.वाले असे दोन वर्ग झाले.” वर्ग हसला. तोही हसला. मी त्याला श्रेयांकांची समानता पुन्हा सांगू शकलो असतो; पण तो श्रेयांकांविषयी बोलत नव्हता. आयुष्यात एकदा विमानात बसण्याची संधी आणि गुहागरला जाणारी गाडी यांची बरोबरी कोणत्याही अभ्यासमंडळाला ठरावाने करता येत नाही. पुढील वर्षी गटांची अदलाबदल करावी, तर एम. ए. दोनच वर्षांचे. या प्रश्नावर आमच्याकडे आजही समाधानकारक उत्तर नाही, आणि तरीही सोळा जणांना काहीच न देणाऱ्या दौऱ्यापेक्षा ही रचना बरी असे माझे मत आहे.

व्यवस्थेच्या बाबी थोडक्यात सांगतो. बरोबर दोन अध्यापक हवेत आणि त्यांत एक स्त्री हवी. प्रत्येकाचा विमा, रक्तगट, नेहमीची औषधे यांची नोंद दोघांकडेही असावी. पालकांशी प्रत्यक्ष भेटून बोलावे, विशेषतः मुलींच्या. आमच्याकडील दोन मुलींची नावे अशा भेटीनंतरच कायम झाली. भेट ‘पर्यटन’ या सदरात बसते की ‘अध्ययन’ या, हे यजमान संस्थेकडून लेखी विचारून घ्यावे. दिवसाचे चार तास कामाचे, उरलेला वेळ मोकळा. वेळापत्रक ठासून भरण्याचा मोह आयोजकाला होतो, कारण पैसे खर्च झालेले असतात. पण टिपणे लिहावयास रिकामा वेळ लागतो. समुद्रकिनाऱ्यावरही जावे. हिंदी महासागराच्या त्या पाण्याकडे पाहताना जहाजातील प्रवासाविषयी वाचलेले आठवले तर आठवले. आठवलेच पाहिजे असे बंधन नको.

आता राहिले देण्याविषयी. आपण जाणार, मुलाखती घेणार, ध्वनिमुद्रणे आणणार, त्यांवर शोधनिबंध लिहून पदोन्नतीचे गुण मिळविणार. ज्यांचा आवाज आपण आणला त्यांना काय? प्रत्येक मुद्रणाची प्रत तेथेच ठेवावयाची आणि प्रबंधिका प्रसिद्ध होण्यापूर्वी संबंधितांना दाखवावयाची, हे ठरले. परंतु त्यांना काय हवे हे विचारलेच नव्हते म्हणून गतवर्षी तेथील मराठी शिकविणाऱ्या एका शिक्षिकेशी पत्रव्यवहार सुरू केला. मराठी पुस्तकांचा एक संच भेट द्यावा अशी आमची कल्पना होती. त्यांनी नम्रपणे कळविले, की भारतातून येणारे सगळेच पुस्तके आणतात आणि ती दहा वर्षांच्या मुलाला वाचता येत नाहीत. त्यांच्या वर्गातील मुलांनी मराठी ऐकली आहे ती प्रार्थनेत, भाषणात आणि चित्रपटात. त्याच वयाची मुले आपसात साधे कसे बोलतात, खेळताना, डबा खाताना, चिडवताना, हे त्यांनी कधी ऐकलेले नाही. तसे काही ध्वनिमुद्रण मिळाले तर हवे आहे. प्रमाण भाषेतले नसले तरी चालेल.

हे पत्र मी वर्गात वाचून दाखविले. गुहागरच्या त्या विद्यार्थ्याच्या गावात जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे आणि तेथील गुरुजी त्याच्या ओळखीचे आहेत. पालकांच्या संमतीपत्राचा मसुदा त्याने दुसऱ्याच दिवशी करून आणला. त्यातले वाक्य फार जड झाले होते, ते आम्ही दोघांनी बसून सोपे केले. शाळा जूनच्या मध्यास उघडेल तेव्हा तो आणि आणखी तिघे जण मुद्रणाला सुरुवात करतील. दौरा त्यानंतरच्या मे मध्ये आहे. पहिल्या चार फिती ऑगस्टपर्यंत पाठवाव्यात असे त्या शिक्षिकांना कळविले आहे. खरे तर ‘फिती’ हा शब्द आता जुना झाला, पण त्यांच्या पत्रात तोच होता.